दुपारच्या खेळाला शनीपर्यंत

परभणीच्या टॉकीजात शनीपर्यंत जाणाऱ्या यानाचा, अंतराळाचा पिक्चर लागला आणि मी आईला म्हणाले, "चल."

मी ताडकळसजवळच्या एका शाळेत विज्ञान शिकवते. ग्रहमाला दरवर्षी फळ्यावर काढते. आईचं निम्मं आयुष्य पोखर्णीच्या रानात मेंढरांमागं गेलं. टॉकीजात तिनं आजवर दोनच पिक्चर पाहिले होते, दोन्ही देवाचे. भाऊ म्हणाला, "तिला काय कळणार त्यातलं? इंग्रजी हाय ते." आई उठली. ठेवणीतलं हिरवं लुगडं नेसून दारात येऊन उभी राहिली.

टॉकीजच्या खिडकीतला माणूस आम्हाला बघून म्हणाला, "पाच जण झाल्याशिवाय शो लागत न्हाई, मॅडम. शेजारच्या पडद्यावर मारामारीचा लागलाय, लय भारी हाय. मावशीला बी कळंल."

"मावशी शनी बघायला आलीय," आई म्हणाली आणि पायरीवर बसली. "आमी हितंच हाव."

ती बसली म्हटल्यावर मला परत फिरणं शक्यच नव्हतं. रस्त्यापलीकडं रसवंतीवर कॉलेजच्या तीन पोरी रस पीत होत्या. ओळख ना पाळख, मी त्यांच्यापुढं जाऊन उभी राहिले. "मला तीन माणसं पाहिजेत. अंतराळाचा पिक्चर आहे. तुम्ही आलात तरच लागेल."

त्या एकमेकींकडं बघून हसल्या. एक म्हणाली, "आमी तर मारामारीच्या पिक्चरला जायलोत, मॅडम. हे इंग्रजी कुठं कळतंय?"

"जिथं कळणार नाही तिथं मी सांगते. नाही आवडला तर मला शिव्या द्या."

ग्लास संपवून तिघी आल्या. शो लागला.

थ्रीडीचे काळे चष्मे घालून आम्ही पाच जणी त्या मोठ्या हॉलमध्ये बसलो. यान सुटलं तशा खुर्च्या थरथरल्या आणि आईनं माझं मनगट घट्ट धरलं. पृथ्वी मागं पडली, लहान होत गेली. पुढं यान शनीच्या कड्यांत शिरलं. बर्फाचे दगड पडद्यातून सुटून आमच्या अंगावर यायला लागले. आई हात पुढं करून एकेक बाजूला सारत होती. मी स्वतः चार वेळा मान खाली घातली.

तेवढ्यात आवाज थांबला. सगळं चिडीचूप. दाराशी बसलेला माणूस टॉर्च घेऊन आत आला. "साउंड गेला वाटतं. बंद करायला सांगतो. तुमी दुसऱ्या पडद्याला बसा."

मी उठून उभी राहिले. वर्गात चढवते तसा आवाज चढवला. "बंद करायचा नाही! काही बिघडलेलं नाही. तिथं हवाच नाही, तर आवाज येणार कशातून?"

"पण मॅडम..."

"आधी तो टॉर्च बंद करा."

मागून एक पोरगी ओरडली, "बसा ना काका, शनी दिसंना झाला!"

त्यानं टॉर्च विझवला, पण तो गेला नाही. शेवटपर्यंत भिंतीला टेकून बघत राहिला.

परतीच्या एसटीत शेजारच्या बाईनं आईला विचारलं, "बाजाराला गेलतात का?"

"न्हाई. पिक्चरला. शनी बघून आले."

बाई हसली. "या वयात कशाला ही नाटकं?"

"मग कंच्या वयात?" आई म्हणाली. "आधी मेंढरं व्हती, मग लेकरं व्हती. सवड आताच गावली."

बाई खिडकीबाहेर बघायला लागली.

सोमवारी मी सातवीच्या वर्गाला तो पिक्चर दाखवण्याचा अर्ज मुख्याध्यापकांपुढं ठेवला. ते म्हणाले, "बाई, हे अभ्यासक्रमात बसत नाही." मी अर्ज उचलला नाही. समोरची खुर्ची ओढून बसले. मधली सुट्टी संपायच्या आत त्यांनी सही केली.