बटण सोडा, अण्णा!

“साहेब, तुम्ही इमानात बसून वर आल्याबिगर ते सापडायचं न्हाई,” बिरादार अण्णा म्हणाले.

मी विमानांचा इलेक्ट्रिकलवाला. सगळी नोकरी विमानांच्या पोटात डोकं घालून गेली, आणि मला विमानात बसायची भीती वाटते. लोक हसतात. हसू द्या. कुठली वायर कशानं दगा देते हे ज्याला माहीत आहे, त्यानं भ्यायचं नाही तर कुणी भ्यायचं?

अण्णा लातूरचे, साखर कारखान्यात इंजिनिअर होते. रिटायर झाल्यावर त्यांनी परदेशातून सुट्या भागांचं किट मागवलं आणि दोन सीटचं विमान स्वतःच्या हातानं बांधलं. रेणापूरच्या पुढं त्यांच्या रानात मुरमाची धावपट्टी आहे. लायसन, परवानग्या, सगळं रीतसर. माणूस हुशार, दिलदार आणि बोलायला एक नंबर. मी नांदेडहून आल्यापासून अण्णांनी मध्ये श्वास घेतल्याचं मला काही आठवत नाही.

तक्रार अशी होती. दसरा झाल्यापासून विमान हवेत अडखळत होतं. इंजिन क्षणभर गप्प, की पुन्हा सुरू. जमिनीवर मात्र तासभर चालवा, काही नाही. हवेतसुद्धा बहुतेक वेळा एकाच ठिकाणी व्हायचं, चाकूरच्या बाजूनं परत वळताना.

“त्या जागेतच काहीतरी हाय,” सुनंदावहिनी म्हणाल्या. या अण्णांच्या पत्नी, झेडपी शाळेच्या मुख्याध्यापिका होत्या. अण्णा वर गेले की ते खाली उतरेपर्यंत त्या धावपट्टीच्या कडेला हातातला रेडिओ घेऊन उभ्या असायच्या. “मी कवापासून म्हणायले, इकून टाका ते. माझं ऐकतंय कोण?”

“अगं, वळताना टाकीतलं पेट्रोल हलत असंल,” अण्णा म्हणाले.

मी पेट्रोलची लाइन बघितली. साफ होती. मग इग्निशनकडे वळलो. इंजिनात पेट्रोल पेटवायला ठिणगी लागते, ती पाडणारी यंत्रणा म्हणजे इग्निशन. जुन्या इंजिनांना मॅग्नेटो असायचा, तो फिरता फिरता स्वतःच वीज तयार करायचा. अण्णांच्या विमानात इलेक्ट्रॉनिक इग्निशन होतं. त्यात एक सेन्सर इंजिनाचा दांडा कुठवर फिरला ते सांगतो, आणि एक छोटा बॉक्स त्यावरून ठरवतो की ठिणगी कधी टाकायची. असे दोन वेगळे संच असतात. एक मेला तर दुसरा तुम्हाला घरी आणतो. मी एकेक संच बंद करून इंजिन चालवलं. दोन्ही ठणठणीत. बॅटरी, प्लग, अर्थिंग, सगळं ठीक. रेडिओ अण्णांनी आधीच तपासला होता, इंजिन बंद ठेवून. इंजिन चालू असलं की जमिनीवर कुणाला काही ऐकू येत नाही ना!

राहिली एकच जागा, वर. तिथं अण्णा विमान सांभाळणार, मग इग्निशनला जोडलेल्या माझ्या मीटरकडे बघणार कोण? नाही म्हणायला तोंड उघडलं, पण वहिनी माझ्याकडे बघत होत्या. “यांना एकट्याला नका पाठवू, भाऊ,” म्हणाल्या. बसलो.

टेकऑफला मी डोळे मिटले होते हे इथं कबूल करतो. उघडले तेव्हा रेणापूर मागं पडलं होतं आणि खाली तुरीची रानं होती. कानावर हेडफोन, त्यात अण्णांची अखंड बडबड. दोघांतलं बोलणं वायरीवरून व्हायचं. जमिनीशी बोलायचं तर हातातल्या, विमान वळवायच्या दांड्यावरचं बटण अंगठ्यानं दाबायचं, की रेडिओ सुरू.

चाकूर उजव्या हाताला आलं. अण्णांनी विमान वळवलं आणि बटण दाबलं. “सुनंदा, वळलो बघ.”

इंजिन अडखळलं. एक धक्का, एक पोकळ शांतता, आणि पुन्हा सुरू.

“बघितलं का साहेब? बघितलं?” अण्णांना आनंदच झाला होता. लगेच त्यांनी पुन्हा बटण दाबलं. “सुनंदा, आता साहेबांनी सोता बघितलं बरं का, मी म्हणत होतो ना, तवा तू...”

इंजिन बंद पडलं. या वेळी परत आलंच नाही.

इंजिनाशिवायचं विमान किती शांत असतं, ते मी कधी ऐकलं नव्हतं. नुसता वारा. अण्णांनी नाक खाली केलं, ते बरोबरच होतं, वेग टिकला आणि पंखा वाऱ्यानं फिरत राहिला. पण जमीन वर येताना दिसत होती.

“इंजिन बंद पडलं!” अण्णा ओरडत होते. “सुनंदा, इंजिन बंद पडलं! सुनंदा, आम्ही...”

मी मरतोय, एवढंच मला कळत होतं. बायकोचा चेहरा डोळ्यांसमोर आला. आणि सवयीनं नजर मीटरवर गेली. दोन्ही इग्निशन मेली होती. दोन्ही एकदम! असं होत नाही. दोन वेगळे संच एकाच क्षणी मरत नाहीत, कुणी तिसरा मारत असल्याशिवाय. रेडिओवरचा लाल दिवा पेटलेला होता. बोलणं चालू असताना पेटतो तो.

“बटण सोडा, अण्णा!”

त्यांना ऐकूच गेलं नाही. भीतीनं मूठ आवळली होती, अंगठा बटणावर रुतला होता. मी दोन्ही हातांनी तो अंगठा ओढून काढला. लाल दिवा विझला. इंजिनानं एक ठसका दिला, दुसरा दिला आणि धरलं.



“रेडिओ आहे,” मी म्हणालो. “तुम्ही वहिनींशी बोलता तेव्हा इंजिन मरतं. आता उतरेपर्यंत बटणाला हात लावायचा नाही.”

तेवढ्यात हेडफोनमध्ये वहिनींचा आवाज आला. “अहो? काय झालं? आम्ही म्हणजे काय? बोला की!”

अण्णांनी माझ्याकडे बघितलं. “साहेब, एकच शब्द. जित्ता हाय, एवढंच.”

“नाही.”

“मग मोबाइलवरून?”

“तोही रेडिओच आहे, अण्णा. बंद करा.”

त्यांनी तो बंद केला. वहिनींचा आवाज मात्र येत होता, आणि तो बंद करायची हिंमत आमच्या दोघांतही नव्हती. आधी त्या रागावल्या. मग नुसतंच “अहो... अहो...” म्हणत राहिल्या. मग म्हणाल्या, “मी न्हाई पुन्हा काही बोलणार हो तुमच्या इमानाला. ठेवा ते. तुम्ही बोला फक्त.” अण्णांच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं आणि हात दांड्यावर सरळ होता. मीही रडलो, सांगायला लाज कशाची?

विमान धावपट्टीवर टेकलं, दोनदा उसळलं, थांबलं. वहिनी मुरमात बसलेल्या होत्या. अण्णा उतरून त्यांच्याजवळ गेले, पण तोंडातून शब्द फुटेना. वहिनींनी त्यांच्या छातीवर बुक्की मारली, मग त्याच शर्टाला घट्ट धरलं.

दुपारी कव्हर उघडलं. दसऱ्याच्या पूजेला पाहुणे येणार, लोंबकळत्या वायरी बघून जावई काय म्हणतील, म्हणून अण्णांनी सगळ्या वायरी एका सुबक जुडग्यात बांधल्या होत्या. रेडिओच्या अँटेनाची केबल आणि दोन्ही सेन्सरच्या बारीक वायरी गळ्यात गळा घालून. सेन्सरची वायर अगदी हळू बोलते. शेजारी रेडिओ बोंबलू लागला की बॉक्सला तिचं ऐकूच येत नाही, मग तो ठिणगी टाकत नाही. आणि वळलो की वहिनींना सांगायचंच, हा अण्णांचा शिरस्ता. म्हणून चाकूरची बाजू बदनाम झाली.

मी वायरी सोडवून अँटेनाची केबल दुसऱ्या अंगानं नेली आणि सेन्सरच्या वायरींना जाळीचं आवरण घातलं. मग जमिनीवरच इंजिन पूर्ण ताकदीनं चालवून अण्णांना बटण दाबून हवं तेवढं बोलायला लावलं. ते बोलले. इंजिन हललं नाही.

संध्याकाळी चहा देताना वहिनींनी विचारलं, “खरं सांगा भाऊ. एक शब्द बोलले असते तर पडलं असतं का ओ?”

“एका शब्दानं बहुतेक नसतं पडलं,” मी म्हणालो. “पण वहिनी, हे एका शब्दावर थांबले असते का?”

त्यांनी अण्णांकडे बघितलं. “न्हाई,” म्हणाल्या, आणि हसता हसता पदर डोळ्यांना लावला.

आता मी रेडिओ तपासतो तो इंजिन जोरात चालू असताना, बटण दाबून धरून. शब्द कुणालाच कळत नाही. इंजिन चालू राहिलं तर रेडिओ पास.