अर्धी वाक्यं

मला दम धरवत नाही, हे घरातले सगळे जाणतात. कुकरची तिसरी शिट्टी व्हायच्या आत मी गॅस बंद करते आणि समोरचा बोलत असला की त्याचं वाक्य मीच संपवते. वाडीच्या शाळेत मराठी शिकवताना हा स्वभाव खपून गेला. उलट, बाई तत्पर आहेत म्हणून कौतुकच व्हायचं.

दोन वर्षांपूर्वी दहावीत एक मुलगी होती. तोंडाने चुरूचुरू बोलणारी, पण हातात पेन आलं की गप्प. अक्षरं एकमेकांवर चढायची, अर्ध्या तासात जेमतेम चार ओळी. तपासण्या झाल्या, दाखला मिळाला आणि बोर्डाने लेखनिक मंजूर केला. म्हणजे ती सांगणार आणि खालच्या वर्गातली मुलगी लिहिणार. नववीतली एक तयारही झाली, पण तिला रोज थांबवून घेणं बरं दिसेना. सरावाला मीच बसते म्हटलं.

शाळा सुटल्यावर आम्ही दोघी बसायचो. ती वाक्य सुरू करायची, मध्येच थांबायची आणि रस्त्यावरचे ट्रक बघत राहायची. मला ते थांबणं सोसायचं नाही. ती म्हणायची, ‘पावसाळ्यात आमच्या खोलीसमोर...’ आणि मी लिहून मोकळी, ‘निसर्गाचे मनोहर रूप दिसते.’ तिच्या खोलीसमोर गोदामाची भिंत आहे, हे मला ठाऊक होतं. तरी लिहिलं. वाचून दाखवलं की ती मान डोलवायची. निबंध सुरेख दिसायचे आणि मी ते स्टाफरूममध्ये मिरवायचे.

पूर्वपरीक्षेला नववीतलीच लिहायला बसली; तो पेपर हातात आला तेव्हा मी हादरले. एकही वाक्य पुरं नव्हतं. ‘आम्ही भिवापूरला मामाकडे गेलो की.’ पूर्णविराम. ‘मिरची तोडून आल्यावर आईचे हात.’ पूर्णविराम. मी आधी त्या नववीतल्या पोरीलाच फैलावर घेतलं, लिहायचा कंटाळा केलास म्हणून.

‘ताईनं जेवढं सांगितलं तेवढंच लिहिलं, मॅडम,’ ती रडवेली झाली.

मी दहावीतलीकडे वळले. ‘काहून वं, वाक्य पुरं काहून नाही सांगितलं?’

‘पुढचं तर तुम्हीच लिहत होत्या ना, मॅडम.’

तिच्या आवाजात तक्रार नव्हती. सांगणाऱ्याने अर्धंच सांगायचं असतं, असं तिला खरोखर वाटत होतं. मला स्वतःचीच लाज वाटली. बोर्डाला तीन आठवडे उरले होते आणि मदतीला बसून मी तिची सवयच बिघडवून ठेवली होती.

‘बरं, आता सांग. आईचे हात काय?’

ती थांबली. मी मुठी आवळून बसले. जीभ वळवळत होती, पाय हलत होता, ‘कष्टाचे महत्त्व’ ओठांवर आलं होतं.

‘इतके जळतात का आई लहान्याले घेतच नाही,’ ती शेवटी म्हणाली. ‘त्याच्या डोळ्याले लागंल म्हणते. तो रडून राहते, अन् ती दुरूनच बोलते त्याच्याशी.’

मला सात जन्मांत हे सुचलं नसतं. शाब्बास म्हणायला मी तोंड उघडलं, तशी ती पुन्हा गप्प झाली.

‘राग नका मानू, मॅडम. तुम्ही बाहेर बसता का? तुम्ही समोर असल्या का मी तुमचीच वाट पाहत राहतो.’

मी उठले, पेन नववीतल्या मुलीच्या हातात दिलं आणि जाताना दार ओढून घेतलं.