पूजेत ठेवलेला टॅब

धायरीच्या त्यांच्या फ्लॅटमध्ये कपडे वाळत घालायच्या गॅलरीचं दार वल्लरीच्या खोलीत उघडायचं. पूर्वी आई एका खेपेत बादली रिकामी करायची. पण सीएच्या शेवटच्या परीक्षेत वल्लरी पुन्हा नापास झाली आणि तेव्हापासून आई एखादा हातरुमालसुद्धा वेगळा वाळत घालायला येऊ लागली. येताना टेबलाकडे बघायची नाही, जाताना मात्र बघायची.

आईच्या सपाता फरशीवर वाजल्या की वल्लरी टॅबवरचा रंगांचा पट्टा मिटवून वेळापत्रकाचं पान समोर आणायची.

वेळापत्रक देखणं होतं. निकालानंतर तिने नोट्सच्या ॲपमध्ये नवी वर्कस्पेस उघडली होती. जुनी उघडायचा धीर होत नव्हता. जुनीत सगळा अभ्यास होता आणि तो सगळा करूनही मार्क कमीच पडले होते. नवीला तिने आधी ‘पुन्हा एकदा’ असं नाव दिलं. ते रडकं वाटलं म्हणून ‘या वेळी’ केलं. कव्हरला गच्चीवरून काढलेला सिंहगडाचा फोटो लावला, पण गडावरचा टॉवर डोळ्यांत खुपायला लागला म्हणून तो काढून फिकट बदामी रंग भरला. मग प्रत्येक विषयाला चित्र दिलं. कायद्याला तराजू, ऑडिटला भिंग, टॅक्सला कात्री. किती अभ्यास झाला हे दाखवणारी एक हिरवी पट्टीही बसवली. तिचा हिरवा रंग जमेपर्यंत दोन दुपारी गेल्या. पट्टी शून्यावरच होती.

हे तिला कळत नव्हतं असं नाही. पण रंग निवडत बसलं की छातीवरचं ओझं जरा सरकायचं आणि पुस्तक उघडलं की पुन्हा जागेवर येऊन बसायचं.

एकदा बाबांनी खांद्यावरून डोकावून बघितलं. म्हणाले, “दुकान झकास सजवलंय. माल कधी भरणार?”

“अहो, गप्प बसा,” आई आतून म्हणाली. “तिची पद्धत आहे ती. आधी सगळं नीट लावून घेते आणि मग एकदम बसते.”

बाबांचा टोमणा तिला सोसला. आईचा विश्वास सोसेना. कारण वल्लरीला ही परीक्षा आता द्यायचीच नव्हती आणि हे तिने कुणालाच सांगितलं नव्हतं. फॉर्म भरायची मुदत दसऱ्याच्या रात्री संपत होती. भरला तर पुन्हा तीच खोली, तोच टेबलावरचा दिवा, आईच्या त्याच खेपा. नाही भरला तर तसं तोंडाने सांगावं लागणार होतं. ती रोज संध्याकाळी ठरवायची की जेवताना सांगू, आणि जेवताना आई तिच्या पानात जास्तीची पोळी वाढायची.

दसऱ्याच्या सकाळी आईने चौरंग मांडला. वल्लरीची जाडजूड पुस्तकं त्यावर रचली. सरस्वती काढायला मात्र पाटी सापडेना.

“माळ्यावर होती गं. बहुतेक रंगकाम केलं तेव्हा गेली.”

“राहू दे ना आई.”

“राहू दे काय? पाटी नसली तर टॅबवर काढ. नाहीतरी तुझं सगळं त्यातच आहे.”

वल्लरीने वर्कस्पेसमध्ये कोरं पान घेतलं. लहानपणी काढायची तशी एकाचे आकडे जोडत, बोटाने सरस्वती काढली. रेषा जरा वाकड्या आल्या. इतक्या दिवसांत त्या वर्कस्पेसमध्ये तिच्या हातचं असं हे पहिलंच काहीतरी उमटलं होतं. आईने टॅब पुस्तकांवर ठेवला, त्याच्या कडेला हळदकुंकू लावलं आणि काचेवर मधोमध झेंडूचं फूल ठेवलं.

“आता उद्या सकाळपर्यंत हात लावायचा नाही.”

हा घरातला जुना नियम. पूजेत ठेवलेल्या पुस्तकाला त्या दिवशी शिवायचं नाही. शाळेत असताना वल्लरी गणिताचं पुस्तक मुद्दाम ढिगात अगदी तळाला सारायची आणि दिवसभर हुंदडायची.

कोथिंबीर निवडताना तिच्या लक्षात आलं, की फॉर्मचा पासवर्ड, सह्या, फोटो, सगळं त्या टॅबमध्ये आहे. अभ्यासात व्यत्यय नको म्हणून तिने मोठा फोन कधीच देऊन टाकला होता. हातात राहिला होता तो बटणांचा. म्हणजे आज रात्री मुदत टळणार आणि तिला एक शब्दही बोलावा लागणार नाही. दुपारी तिने श्रीखंड दोनदा मागून घेतलं. आई तिच्याकडे बघतच राहिली.

संध्याकाळी नारायण पेठेतली आत्या सोनं द्यायला आली. आपट्याची पानं हातावर ठेवत म्हणाली, “घे. निकालाचं मी काही विचारत नाहीये.”

“विचारलंसच की आत्या.”

“छे! मी फक्त फॉर्मचं विचारणार होते. भरला असशीलच.”

“भरला असेल हो, तारखांना पक्की आहे ती,” आई घाईने म्हणाली.

आत्याची नजर चौरंगावर गेली. “हे बरंय! अभ्यासाचं यंत्रच देवापुढे बसवलंय. आमच्या वेळी पुस्तकं पूजेला बसायची, आम्ही अभ्यासाला नाही.” चहा पिऊन ती गेली.

आई कप उचलून आत गेली आणि तशीच परत आली. “वल्लरी, माझ्यामुळे तुझं आज काही अडलं नाही ना गं?”

वल्लरीला पुढचं सगळं दिसलं. उद्या मुदत टळल्याचं कळणार. मग आई आत्याला, शेजारच्या काकूंना, भाजीवाल्यालासुद्धा सांगत सुटणार, की माझ्या मेलीच्या पूजेपायी पोरीचं नुकसान झालं. जन्मभर सांगणार. आणि आईच्या त्या अपराधीपणापोटी आपल्याला पुढच्या परीक्षेला बसावंच लागणार.

“आज फॉर्मची शेवटची तारीख आहे,” ती म्हणाली.

आईने कप तिथेच खाली ठेवले. साडीला हात पुसत ती चौरंगाकडे धावली, फूल बाजूला करून टॅब उचलला, अक्षता सांडल्या. “देवीला मी सांगते. पाच मिनिटांचं तर काम. घे, भर पटकन.”

“आई, नको.”

“अगं, चालतं. मी सांगते ना.”

“तू टॅब ठेवलास म्हणून नाही. मला भरायचाच नाहीये. मी महिनाभर नुसते रंग भरत बसलेय त्यात.”

धक्का लागून टॅब उजळला होता. आई त्या वाकड्या रेषांच्या सरस्वतीकडे बघत राहिली. खालच्या रस्त्यावरून कुणीतरी नव्या गाडीचा हॉर्न उगाचच वाजवत गेलं.

“मग काय करणार आहेस?”

“माहीत नाही.”

“बाबांना काय सांगायचं?”

“तेही माहीत नाही.”

 आईने टॅब पुन्हा पुस्तकांवर ठेवला. जरा वाकडा बसला, तो सरळ केला. झेंडूचं फूल शोधून त्यावर ठेवलं.

“उद्या सकाळी उचलू,” ती म्हणाली. “तोवर कुणी हात लावायचा नाही. मीही नाही.”

मग ती वल्लरीच्या खोलीत गेली आणि गॅलरीतले वाळलेले कपडे सगळे एकदमच काढून घेऊन आली.