बाईंचा धाक

बाईंच्या हाताखालून गेलेली नर्स कुठेही ओळखू येते, असं त्या इस्पितळात म्हणत. हात धुताना ती अंगठा विसरत नसे. सव्वीस वर्षं बाई नर्सिंगच्या मुलींना शिकवत होत्या. तोंडाची वाफ दवडायची नाही, करून दाखवायचं, ही त्यांची पद्धत. शिकवण्यात त्यांचा हात धरणारं दुसरं कुणी नव्हतं. फक्त जीभ तिखट होती. जिचं चुकलं तिचं भर वर्गात असं काही भरीत व्हायचं की ती महिनाभर मान वर करत नसे. मुली पाठीमागे त्यांना ‘फूटपट्टी’ म्हणत. बाईंना ते ठाऊक होतं, आणि मनातून आवडायचंही.

साथ आली तेव्हा सफाईच्या मावश्या, स्ट्रेचर ढकलणारे, धुलाईखात्यातली माणसं, सगळ्यांना शिकवायचं काम बाईंकडे आलं. पहिल्या मजल्यावरच्या वर्गात खिडक्या सताड उघड्या, खुर्च्या लांब लांब. बाईंनी प्रत्येकाला संरक्षक पोशाख चढवायला लावला आणि हातमोज्यांना कपड्यांची नीळ फासली.

“ही साथ समजा. आता अंगावरचं सगळं उतरवा. बघू कुणाला कुठे लागते.”

कुणाच्या कानाला निळं लागलं, कुणाच्या मानेला. लिफ्ट चालवणाऱ्या मामांचा तर अर्धा गाल निळा झाला. पन्नाशीचा भिडस्त माणूस, कोविड वॉर्डच्या मदतीला नुकताच दिलेला.

“काय मामा, डोकं वरच्या मजल्यावर ठेवून आलात वाटतं?” बाई म्हणाल्या.

वर्ग खो खो हसला. मामाही हसले, पण कानापर्यंत लाल होऊन.

मामांना वाईट वाटलेलं धुलाईतल्या एका मावशीने पाहिलं. दुपारी चादरींच्या खोलीत तिने त्यांच्याकडून पुन्हा पुन्हा सराव करून घेतला. “हळू मामा, केळं सोलताय का? आधी हातमोजे, मास्क सगळ्यात शेवटी.” चार दिवसांत मामा तरबेज झाले. पुढचे तीन आठवडे बाईंच्या वर्गातलं एकही माणूस आजारी पडलं नाही. बाईंची मान ताठ झाली.

मग एका गुरुवारी दुपारी मावशीला जिना चढता चढता धाप लागली.

तपासणीत कोविड निघाला. तिच्याजवळ कोण कोण होतं, याची चौकशी सुरू झाली. मामा भिंतीला टेकून उभे होते.

“मला सोमवारपासून कणकण होती, बाई.”

“सोमवारपासून? आणि कामावर येत होतात?”

“गोळी घेतली की उतरायचा ताप. मावशींबरोबर डबाही खाल्ला, चादरींच्या खोलीत. सांगणार होतो. पण म्हटलं, साधा ताप असला तर पुन्हा सगळ्यांसमोर हसं व्हायचं.”

बाई त्यांना नको नको ते बोलल्या. मावशीला वरच्या कोविड वॉर्डात नेताना बाई स्वतः सोबत गेल्या. मावशीने त्यांचा हात घट्ट धरला. “मामांना बोलू नका हो. डबा खायला मीच बोलावलं होतं.”

नवव्या दिवशी मावशी गेली. आजार तिला मामांकडूनच लागला, असं छातीठोकपणे कुणीच सांगू शकत नव्हतं. मामांनाही तोच आजार निघाला, ते दोन आठवड्यांत बरे झाले.

साथ आल्यापासून घरी बाई बाहेरच्या खोलीत राहायच्या, नवरा आतल्या. मध्ये दार. नवरा घड्याळं दुरुस्त करायचा. बोलता बोलता त्याचे हात चालूच असत. मावशी गेली त्या संध्याकाळी बाई दाराकडे तोंड करून तावातावाने म्हणाल्या, “तीन दिवस लपवलं त्या माणसाने! इतकं जीव तोडून शिकवलं, सगळं पाण्यात गेलं.”

आत चिमटा खाली ठेवल्याचा आवाज आला. मग, “रागावणार नसशील तर एक सांगू?”

“रागावण्यासारखं असेल तर रागावेनच.”

“बघ, म्हणूनच नव्हतं सांगितलं. रोज दुपारी मी शेजाऱ्याबरोबर जिन्यात बुद्धिबळ खेळतो. मास्क हनुवटीवर असतो.”

‘म्हणूनच’ एवढा एकच शब्द बाईंच्या कानात घुमत राहिला. सव्वीस वर्षांत किती जणींनी काय काय लपवलं असेल, याचा हिशेब त्या मांडत बसल्या.

पुढच्या वर्गात त्यांनी पुस्तक उघडलं नाही.

“मावशीला वर नेलं त्या दिवशी तिने माझा हात धरला होता. बाहेर आल्यावर त्याच हातमोज्याने मी डोळे पुसले. सव्वीस वर्षं शिकवते आहे, आणि मी हे केलं. कुणाला सांगितलं नाही, लाज वाटली. काल सांगितलं. तपासणी झाली, काही निघालं नाही. पण सांगायला हवं होतं त्याच दिवशी.”

मग मागून एक नर्स चाचरत म्हणाली, “बाई, माझ्या चष्म्यावर वाफ धरते. मी मास्क नाकाखाली ओढते.”

एरवी तिचं काही खरं नव्हतं. बाईंनी जीभ दातांखाली धरली, चिकटपट्टी आणली आणि तिच्या मास्कची वरची कड नाकावर नीट बसवून दिली. “आता बघ.” त्या तासाभरात अकरा जण बोलले.

मामा परत आले त्या दिवशी वर्गाच्या दारातच थबकले. बाई उठून बाहेर गेल्या.

“मामा, माझ्या जिभेने तुम्हाला गप्प केलं. त्याची माफी मागते. ताप लपवलात, ती चूक मात्र तुमची.”

“माझीच आहे, बाई. ती कुठे जाते आता?” मामांनी भरलेले डोळे टिपले नाहीत, हात खालीच ठेवले. “मी सांगू का आत, सगळ्यांना?”

त्यांनी सांगितलं. उभं राहून, काही न लपवता. पुढे प्रत्येक नव्या तुकडीला ते सांगत राहिले. मावशीचं बोलणं आलं की थांबायचे, पाणी प्यायचे, मग पुढचं.

साथ आणखी वर्षभर रेंगाळली. इस्पितळातली माणसं आजारी पडलीच, पण आता सकाळी सहाला बाईंचा फोन वाजायचा, “बाई, घसा दुखतोय.”

“बरं केलंस सांगितलंस,” बाई म्हणायच्या. “घरीच थांब. काही खाल्लंस का?”