मी म्हटलं की अंधार

बारकीला घरात कुणी नावानं हाक मारल्याचं आठवत नाही. दादा थोरला, ही बारकी, विषय संपला. शाळेत चित्रं ही काढायची आणि बक्षीस दादा घेऊन यायचा. आई म्हणायची, "जाऊ दे गं, भाऊच आहे ना!" पुढे वडिलांचा खुर्च्यांचा कारखाना दोघांकडे आला, तेव्हाही तीच गत. दादा ऑफिसात बसून फोनवर हसायचा, बारकी आत भुशात उभी राहून लाकूड घासायची. आणि चार लोक जमले की दादाचं एकच पालुपद: "मी केलं."

एवढं सगळं तिनं गिळलं, पण उठती खुर्ची काही गिळवेना. वडिलांचे गुडघे गेले होते, आणि उठताना कुणाचा हात धरावा लागला की ते संतापायचे. त्यांच्यासाठी तिनं बैठकीखाली स्प्रिंगा बसवल्या, मोडल्या, पुन्हा बसवल्या. बसणारा पुढे वाकला की बैठक त्याला हळूच वर ढकलायची. वडील शेवटपर्यंत आपलेआपण उठले. आता तीच खुर्ची बाजारात यायची होती, आणि दादा हॉल घेऊन सगळ्या दुकानदारांना ती दाखवणार होता.

"माझं नाव घेशील ना?" तिनं आदल्या दिवशी विचारलं.

"लोकांच्या लक्षात एकच चेहरा राहतो, बारके."

म्हणजे चेहरा दादाचा. प्रोजेक्टर लावायला मात्र बारकी! हॉलच्या रिमोटचे सेल संपलेले. पण शोरूमच्या एसीचा रिमोट हरवल्यापासून तिच्या फोनमध्ये एक ॲप होतं, कुठल्याही यंत्राचा रिमोट होणारं. तिनं यादीतून प्रोजेक्टरची कंपनी निवडली, फोनचं टोक तिकडे धरलं, काम झालं. पडदा काळा करायचं बटणही त्यात होतं. तिनं ते दाबून पाहिलं, पुन्हा दाबलं, चित्र परत आलं.

दादा नवा कोट घालून उभा राहिला. बारकी आईशेजारी, प्रोजेक्टरच्या मागच्या रांगेत.

"मंडळी, ही खुर्ची मी..."

तिच्या डोक्यात तिडीक गेली आणि अंगठा बटणावर पडला. पडदा काळा! दादा ओशाळं हसला, तिनं चित्र परत आणलं. "तर मी असा विचार केला..." पुन्हा काळा. तिसऱ्या "मी"ला लोक खुदखुदू लागले. खरं सांगायचं तर बारकीला जन्मात एवढी मजा आली नव्हती.

पण दादा काही कच्च्या गुरूचा चेला नव्हे. चौथ्या वेळी तो म्हणाला, "आम्ही." बारकीचा अंगठा अडला. "आम्ही रात्रंदिवस राबलो," दादा म्हणाला, आणि या नम्रपणावर चक्क टाळ्या पडल्या. ज्याच्या अंगावर कधी भुशाचा कण पडला नाही, तो म्हणे राबला! आता तिनं पडदा काळा केला तो केलाच.

आईला फोन दिसला. "बारके, बंद कर ते. दादाची अब्रू जातेय."

"माझी कुठं होती जायला?" बारकी म्हणाली आणि सरळ उभी राहिली. "दादा, चित्र नसलं म्हणून काय अडलं? खुर्ची तूच केलीस ना? मग तोंडानं सांग."

सगळ्या माना दादाकडे वळल्या. खुर्ची समोरच होती. त्यानं वाकून बैठकीखाली पाहिलं, घाम पुसला. शेवटी माइकमध्येच कसनुसा म्हणाला, "बारके, ये ना गं. तूच सांग."

ती गेली. वडिलांच्या गुडघ्यांपासून सुरुवात केली. मी बसवलं, मी मोडलं, मी पुन्हा बसवलं. "आम्ही" एकदाही तिच्या तोंडून निघालं नाही. दादा हळूच मागे सरकायला लागला, तसा तिनं माइक त्याच्या हातात कोंबला, खुर्ची उलटी करायला दोन्ही हात मोकळे करून घेतले आणि म्हणाली, "माझ्या तोंडाजवळ धर. हलवू नकोस."