निरोगी छातीचा नमुना

दवाखान्यात सगळे त्यांना हाडवाले दादा म्हणत. एकतीस वर्षं त्यांनी तळघरातल्या खोलीत एक्स-रे काढले. अंगावर शिशाचा एप्रन आणि तोंडी एकच मंत्र, "श्वास घ्या, धरून ठेवा, सोडा." फिल्मवर दिसतं ते आहे, दिसत नाही ते नाही. मन, आत्मा, हुरहूर असे शब्द निघाले की दादा हसत. "आधी पदार्थ. बाकी सगळ्या त्याच्याच करामती. हातच्या काकणाला आरसा कशाला?" दिवसभर लोकांच्या बरगड्या तपासणाऱ्या या माणसाने हे आपलं वाक्य मात्र कधी तपासलं नाही.

नवरा गेल्यावर दोन महिन्यांनी धाकटी बहीण आली.

"दादा, इथं दुखतं रे. दगड ठेवल्यासारखं."

दादांनी हातातलं काम टाकून तिला यंत्रासमोर उभं केलं. फिल्म ओली असतानाच ओरडले, "फुप्फुसं स्वच्छ, हृदय मापात! कुठाय तुझा दगड?"

"म्हणजे काही नाही?"

"काही नाही. उगाच बाऊ करतेस."

ती थोडा वेळ फिल्मकडे बघत राहिली. मग पर्स उचलून गेली. पुढे बावीस वर्षं ती येत राहिली, हसत राहिली, वहिनीला स्वेटर विणून देत राहिली. दुखण्याचं नाव तिने काढलं नाही. बरी झाली, असं दादा धरून चालले. तिची फिल्म त्यांनी जपून ठेवली. शिकाऊ मुलांना दाखवत, "निरोगी छाती अशी असते."

गेल्या हिवाळ्यात वहिनी गेल्या. महिन्याभराने दादांच्या छातीत काहीतरी येऊन बसलं. निवृत्त दादा जुन्या खोलीत गेले. त्यांच्या जागी आलेल्या मुलीने फिल्म काढून हातात दिली. "ठणठणीत आहात, दादा!"

घरी येऊन त्यांनी आपली आणि बहिणीची, दोन्ही फिल्म खिडकीच्या काचेवर धरल्या. आपला दगड शोधला, सापडला नाही. मग तिचा शोधला. बराच वेळ शोधला.

त्यांनी फोन लावला.

"धाकटे, तुझं ते दुखणं थांबलं का गं कधी?"

"कुठलं रे?"

"छातीतलं. सांग ना. आता ऐकतो मी."

पलीकडे ती नेहमीसारखी हसली.

"ते होय! अरे, काही नव्हतंच ते. तूच नाही का फिल्म काढलीस? ते जाऊ दे. तू जेवलास का?"

"हो," दादा म्हणाले.

ते जेवले नव्हते.