अनवरीबाईंच्या बरणीतली कात

नाशिकच्या भाजीबाजारात एके साली आवई उठली, की दवाखान्यातल्या अनवरीबाई नर्स बरणीत सापाची कात ठेवतात. ती उकळून रोग्याला चोळली, की माणूस जुनी कातडी टाकून नवाकोरा बाहेर पडतो! कोथिंबीरवाली चिमणाबाई तर गळ्याची शपथ घ्यायची, "म्या सोता पाह्यली. हातभर लांब हाय!"

बरणी होती, हे खरं. पण तिच्यात खोबरेल तेलात भिजवलेल्या मलमलीच्या पट्ट्या होत्या. अनवरीबाई मालेगावच्या विणकराची लेक. कापड कातडीला बोचेल की नाही, हे त्यांना नुसत्या बोटांनी कळे. वाळू परटाने एकदा धुतलेल्या पट्ट्यांना खळ घातली, तेव्हा तीच कडक पट्टी त्यांनी त्याच्या मानेला गुंडाळली. "राहू दे हं वाळू, संध्याकाळी सांग कसं वाटलं." वाळू दुपारीच मान खाजवत परत आला. पुन्हा पट्ट्यांना खळ लागली नाही.

त्याच सुमारास निफाडकडची कुसाबाई आपल्या सुनेला, बयाबाईला, घेऊन आली. बयाच्या पाठीवर, कोपरांवर रुपेरी खवले, खाली लालभडक भेगा. गावाने महारोग ठरवून टाकलेला. बयाचं तान्हं पोर काढून घेऊन तिला गोठ्यात निजवत होते. डॉक्टरांनी तपासून सांगितलं, हा महारोग नव्हे, लागतही नाही. कुसाबाईला पटेना.

"लागत नाय, तर मंग जात का नाय? रोज वजरी देते हिच्या हातात. लांब उभी ऱ्हाते अन् म्हंते, घास, रगात येस्तवर घास! दुसऱ्या दिशी हायेच पुन्हा."

"अहो कुसाबाई, ही सून आहे की चिखलाने भरलेली टाच? घासून घासूनच रोग वाढवलात तुम्ही," अनवरीबाई म्हणाल्या आणि उघडा तळवा त्यांनी बयाच्या पाठीवर ठेवला. बया दचकली. वर्षभरात तिला असं मायेनं कुणी शिवलं नव्हतं. अनवरीबाईंनी हात उचलला नाही. ती रडून शांत होईपर्यंत तसाच ठेवला.

मग कोमट पाणी, तेलाच्या पट्ट्या, खवले मऊ होऊन आपसूक सुटले की डांबराचं मलम आणि सकाळचं कोवळं ऊन. हे सगळं अनवरीबाई कुसाबाईला समोर बसवून करत. एके दिवशी त्यांनी तेलाची वाटीच तिच्यापुढे सरकवली. "इथे मी आहे. निफाडला कोण? लावा."

कुसाबाईने एक बोट लावलं आणि पदराला पुसलं. दुसऱ्या दिवशी दोन बोटं. पुढे तळवा. आणि महिन्याभरात दवाखान्याने ऐकलं ते असं: "आवो बाय, लय घाई करता तुमी! सरा तिकडं. माझ्या सुनंची पाठ हाय, भाकरी नाय थापायची!"

अनवरीबाई खरंच सरल्या. त्या दिवशी त्यांची मान अशी ताठ, की जणू घरात लग्न ठरलं होतं.

बयाची कातडी निवळली. घरी जायच्या आदल्या दिवशी अनवरीबाईंनी ठरवलं, आजार पुन्हा उलटू शकतो, हे सासूला स्पष्ट सांगायचं. दवाखान्याच्या भिंतीपलीकडेच माझं घर. हा बेत कानावर येताच मी धावत जाऊन त्यांना म्हटलं, "मावशी, बोलू नका! म्हातारी सुनेला इथेच टाकून जाईल. लावा पैज!"

"लावली. आणि हरलीस तर त्यांचं बोचकं तू उचलायचंस."

सकाळी त्यांनी सांगितलं. बयाने डोळे मिटून घेतले. मग म्हातारी सुनेच्या कोपरावर हात फिरवत म्हणाली, "येईना का उलटून! आता माझा हात बसलाय. चल गं बये, पोर वाट बघतंय."

बोचकं डोक्यावर घेऊन मी भद्रकालीच्या बाजारातून मोटारस्टँडपर्यंत गेले. मागून अनवरीबाई सगळ्या बाजाराला ऐकू जाईल अशा ओरडत होत्या, "हळू चाल गं! मलमाची डबी आहे त्यात!"